कमी दिवसांचं बाळ, कच्ची हाडं आणि दहा मिनिटांचा व्यायाम

‘आज वजन किती भरलं?’ काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाच्या घरच्यांचा रोजचा पहिला प्रश्न हाच असतो. मग श्वासाची चौकशी होते, दूध पचतंय का ते विचारलं जातं, डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहून घेतली जाते. हाडांविषयी सहसा कुणी विचारत नाही. खरं तर अठ्ठावीस-तीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या शरीरात जे बरंच काही अपुरं राहिलेलं असतं, त्यात हाडांचा नंबर फार वरचा आहे. फुप्फुसांसाठी यंत्र असतं, उबेसाठी पेटी असते. हाडांची उणीव मात्र आवाज न करता वाढत जाते आणि बहुतेकदा दीड-दोन महिन्यांनी रक्ताच्या अहवालात दिसते.

२०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मली. जगातल्या अशा दर पाच बाळांमागे एकाहून अधिक आपल्याकडचं होतं. त्यांतली बहुतेक बाळं थोडीच आधी आलेली असतात आणि त्यांच्या हाडांना फारसा धोका नसतो. हा लेख आहे तो दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, विशेषतः अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांविषयी. या बाळांना रोज पाच-दहा मिनिटं हातपाय हलवण्याचा हलका व्यायाम दिला, तर हाडं भरायला मदत होते का, हा प्रश्न गेली तीसेक वर्षं डॉक्टर तपासत आहेत. उत्तर आशादायक आहे, पण त्याला अटी आहेत. त्या अटी घरच्यांना नीट कळायला हव्यात, असं मला कळकळीने वाटतं.

शेवटच्या तीन महिन्यांतली भरती

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते जवळजवळ सगळं हाडांत असतं. त्यातला ८० टक्क्यांच्या आसपासचा वाटा शेवटच्या तीन-साडेतीन महिन्यांत भरला जातो. वार आईच्या रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस खेचून बाळाकडे पोहोचवत असते. या काळात बाळाच्या दर किलो वजनामागे रोज साधारण १०० ते १३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६० ते ७५ मिलिग्रॅम फॉस्फरस हाडांत जमा होतो. हा वेग माणसाला पुढे आयुष्यात पुन्हा कधीच गाठता येत नाही.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात नाळ कापली गेली की हा पुरवठा त्या क्षणी थांबतो. बाळाची लांबी मात्र वाढतच राहते. म्हणजे हाडाचा साचा मोठा होत जातो आणि आत भरायला खनिज नसतं. त्यातच पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, बाळाचं पोषण शिरेतून होतं. शिरेतून द्यायच्या द्रावात कॅल्शियम आणि फॉस्फरस एका मर्यादेपलीकडे घालता येत नाहीत, कारण दोन्ही एकत्र येऊन त्यांचा साका बसतो. काही औषधंही भर घालतात. सूज आणि फुप्फुसांतलं पाणी कमी करायला दिलं जाणारं फ्युरोसेमाइड लघवीवाटे कॅल्शियम बाहेर टाकतं. दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड्स हाड तयार होण्याचा वेग कमी करतात. ही औषधं टाळता येतातच असं नाही, बाळाचा जीव वाचवायला ती लागतात. पण ज्या बाळाला ती बरेच दिवस चालू आहेत, त्याच्या हाडांकडे अधिक लक्ष द्यावं लागतं.

लाथा कशासाठी असतात

आईला सातव्या-आठव्या महिन्यात बसणाऱ्या लाथांचं घरात कौतुक असतं. हाडांच्या दृष्टीने त्या लाथा म्हणजे कामच आहे. जागा आखडत गेलेली असते, बाळ गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं असतं आणि पाय ताणू लागलं की गर्भपिशवीची भिंत त्याला अडवते. स्नायू जोर लावतो, भिंत उलट जोर देते आणि तो ताण हाडावर येतो. हाडातल्या पेशींना हा ताण कळतो. जिथे ताण पडतो तिथे त्या हाड घालतात, जिथे पडत नाही तिथलं काढून घेतात. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम मांडला होता. पुढे हॅरॉल्ड फ्रॉस्ट या अमेरिकी हाडतज्ज्ञांनी त्यात भर घातली. किती ताणापुढे हाड वाढतं आणि किती ताणाखाली ते झिजतं, याचा विचार त्यांनी मांडला. बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहिलेल्या पायाचं हाड झिजतं, त्यामागेही हेच आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा काही दुर्मीळ आजारांत मिळतो. ज्या गर्भाला स्नायूंच्या किंवा मज्जातंतूंच्या आजारामुळे पोटात हालचाल करता येत नाही, त्याची हाडं आईकडून कॅल्शियमचा पुरवठा चांगला असूनही काडीसारखी बारीक राहतात, कधी जन्मतानाच मोडतात. तेव्हा खनिज मिळालं म्हणजे हाड बनलं असं होत नाही. ते कुठे आणि किती बसवायचं, हे हालचाल ठरवते.

आता पेटीतलं बाळ पाहा. त्याच्याभोवती भिंत नाही. अंगात ताकद कमी, त्यामुळे हातपाय गादीवर पसरलेले, मांड्या बाहेरच्या बाजूला पडलेल्या. त्याने पाय झटकला तरी समोर हवाच असते. श्वासाच्या यंत्रावर असेल तर त्याला शांत ठेवण्याची औषधंही चालू असतात. बाळाला कमीत कमी हात लावावा, हा नवजात विभागाचा नियम झोपेसाठी आणि मेंदूसाठी योग्यच आहे, पण त्याने हालचाल आणखी घटते. सिस्टर कापडाच्या गुंडाळ्या करून बाळाभोवती घरटं करतात, त्याचा एक फायदा असा की पाय ताणला की तो कशाला तरी टेकतो.

मुडदूस, पण उन्हाअभावी नव्हे

हाडं अशी कच्ची राहण्याला आता डॉक्टर कमी दिवसांच्या बाळांचा चयापचयी हाडविकार म्हणतात. तो खूप वाढला की त्याला मुडदूसच म्हणावं लागतं. आपल्या ओळखीच्या मुडदुसात मुख्य दोष ‘ड’ जीवनसत्त्वाचा असतो. इथे मुख्य टंचाई फॉस्फरसची आणि कॅल्शियमची असते. म्हणून ‘कोवळ्या उन्हात धरा म्हणजे हाडं भरतील’ हा मोठ्यांचा सल्ला मायेचा असला तरी इथे अपुरा आहे. इवल्याशा बाळाला त्यापायी थंडी बाधण्याची भीती मात्र असते.

हा विकार साधारण जन्मानंतर तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान उघड होतो. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. रक्तातलं कॅल्शियम बहुतेकदा बरोबर असतं, कारण ते बरोबर ठेवण्यासाठी शरीर हाडांतूनच काढून घेत असतं. म्हणून एकट्या कॅल्शियमच्या आकड्यावर विसंबता येत नाही. डॉक्टर फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे दोन आकडे जोडीने पाहतात. फॉस्फटेज ९०० युनिटच्या वर आणि फॉस्फरस ५.६ मिलिग्रॅमच्या खाली, अशी जोडी दिसली की हाडांत खनिज कमी असल्याची दाट शंका घेतली जाते. एक्स-रेवर भरवसा ठेवून थांबण्यात अर्थ नाही. हाडातलं २० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेत फरक दिसत नाही.

हाडं फारच कच्ची असतील तर लंगोट बदलताना किंवा सुई लावण्यासाठी हात धरतानाही ती मोडू शकतात. बरगडीचं हाड मोडल्याचं कधी कधी छातीच्या एक्स-रेत अवचित कळतं. एक हात किंवा पाय बाळ हलवत नाही, त्याला हात लावला की कळवळून रडतं, तिथे सूज आहे, ही लक्षणं दिसली तर ताबडतोब सांगावं. अशा वेळी कुणाच्या निष्काळजीपणाचा शोध घेण्याआधी हाडांची तपासणी व्हायला हवी. घरच्यांवर किंवा सिस्टरवर येणारा संशय पुष्कळदा निराधार असतो.

आधी दूध

व्यायामाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. माल नसेल तर हाड बांधलं जाणार नाही, मग व्यायाम कितीही करा.

आईचं दूध या बाळांसाठी सर्वोत्तमच आहे. आतड्यांच्या जीवघेण्या आजारापासून त्याच्याइतकं संरक्षण दुसरं काही देत नाही. पण ते पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मापाने बनलेलं आहे. १०० मिलिलिटर दुधात साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३ ते १५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. बाळाने किलोमागे १६० मिलिलिटर दूध घेतलं तरी कॅल्शियम पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आसपास जातं आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. पोटात असताना त्याला शंभराच्या वर मिळत होतं. युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली किलोमागे रोज १२० ते १४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६० ते ९० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटातून मिळावा, असं म्हटलं होतं. ही तूट भरून काढण्यासाठी काढलेल्या दुधात खास पावडर मिसळतात. काही बाळांना फॉस्फेटचं औषध वेगळं द्यावं लागतं आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब तर असतातच.

‘आईच्या दुधात पावडर कशाला? आमच्या वेळी नव्हतं असलं काही,’ असं आजी म्हणते तेव्हा तिला हा हिशेब समजावून सांगावा. ‘तिच्या वेळी’ नऊशे ग्रॅमचं बाळ जगत नसे.

आईचं दूध कमी पडत असेल तर दुसऱ्या आईचं दूध मिळण्याची सोय आपल्याकडे बरीच जुनी आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. मात्र पेढीतल्या दुधातही खनिजं तेवढीच असतात, त्यामुळे पावडर त्यातही घालावी लागते.

व्यायाम म्हणजे नेमकं काय

बहुतेक अभ्यासांत वापरलेली पद्धत अमेरिकेत यूटा विद्यापीठात लॉरी मोयर-मिलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातलेल्या वळणाची आहे. वेळ पाच ते दहा मिनिटं, दिवसातून एकदा, आठवड्यातून पाच दिवस, साधारण चार आठवडे. सांधे सहा: मनगट, कोपर, खांदा, घोटा, गुडघा आणि मांडीचा सांधा. प्रत्येक सांधा दोन्ही बाजूंचा, प्रत्येकी पाच वेळा वाकवायचा आणि सरळ करायचा.

गुडघा घेऊ. बाळ उताणं, डोकं मधोमध, पेटी उघडी न ठेवता हात झरोक्यातून आत घातलेले. हात आधी धुऊन, कोरडे करून, ऊबदार केलेले. सुरुवातीला काहीच हलवायचं नाही. एक तळवा डोक्यावर आणि एक पोटऱ्यांवर नुसता टेकवून ठेवायचा. अचानक स्पर्श झाला की ही बाळं दचकतात, त्यांचा श्वास अडखळतो. बाळ स्थिरावलं की एका हाताने मांडी गुडघ्याच्या वर सांभाळायची. दुसऱ्या हाताची बोटं घोट्याला न आवळता पोटरीखाली ठेवायची. पाय हळूच पोटाकडे दुमडायचा. जिथे आपोआप थांबतो तिथे थांबायचं, पुढे रेटायचं नाही. मग तळव्याला बोटांचा टेकू देऊन मांडीच्या दिशेने अगदी हलका दाब द्यायचा. गर्भपिशवीची भिंत जे करत होती ते हे आहे. दाब सोडला की पाय सरळ होऊ द्यायचा. बाळ स्वतःहून पाय ताणू लागलं तर फारच छान, त्याच्या जोराला हलकासा अडसर द्यायचा, तो जोर मोडायचा नाही. पाच वेळा झालं की दुसरा पाय.

हे करताना डोळे बाळाच्या चेहऱ्यावर आणि मॉनिटरवर हवेत. बाळाचा रंग फिकट किंवा निळसर होतोय, बोटं ताठ फाकली आहेत, उचकी लागली, वारंवार जांभया येताहेत, मान फिरवून घेतंय, ऑक्सिजनचा आकडा खाली येतोय, हृदयाचे ठोके मंदावताहेत, यांपैकी काहीही दिसलं की हात थांबवून नुसते टेकवून ठेवायचे. बाळ सावरलं नाही तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला. एवढ्याशा जिवाचा व्यायाम वाढवायचा, पुरा करायचा असा हिशेब नसतो. पाचऐवजी दोनदाच झालं तरी चालतं.

वेळही निवडावी लागते. दूध दिल्याबरोबर पाय पोटावर दुमडले तर दूध वर येतं, म्हणून दुधानंतर तासभर तरी जाऊ द्यावा. बाळ गाढ झोपेत असेल तर उठवू नये. झोपेतच त्याचा मेंदू वाढत असतो.

कुणासाठी नाही

श्वासाच्या यंत्रावर असलेलं, रक्तदाब सांभाळण्याची औषधं चालू असलेलं, जंतुसंसर्गाने आजारी असलेलं किंवा आतड्यांच्या त्रासासाठी उपाशी ठेवलेलं बाळ या व्यायामासाठी तयार नसतं. ज्या हातात किंवा पायात सुई लावली आहे तो सोडून द्यायचा. हाड मोडलेलं असेल किंवा तशी शंका असेल तर अर्थातच नाही. पहिल्या दिवसांत, मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो तेव्हा, फार लहान बाळांना शक्य तितकं हलवू नये हेच बरोबर.

इथे एक खरा पेच आहे. ज्या बाळांची हाडं सर्वांत कच्ची असतात, तीच सर्वांत आजारी असतात, म्हणजे व्यायामाची सर्वांत जास्त गरज असलेल्यांनाच तो उशिरा मिळतो. आणि तोवर हाडं इतकी नाजूक झालेली असू शकतात की चुकीचा हात पडला तर इजा व्हावी. म्हणून सुरुवात नवजात विभागाच्या डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय आणि पहिले दिवस फिजिओथेरपिस्टच्या किंवा शिकलेल्या सिस्टरच्या हाताशिवाय होऊ नये, यावर तडजोड नको.

अभ्यासांतून काय दिसलं

हात लावण्याने कमी दिवसांची बाळं वाढतात, याकडे जगाचं लक्ष वेधलं ते मायामीच्या टिफनी फील्ड यांच्या १९८६ सालच्या अभ्यासाने. चाळीस बाळं होती. त्यांतल्या अर्ध्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं चोळणं आणि हातपाय वाकवणं-सरळ करणं असा उपचार दिला. त्यांचं वजन रोज इतरांपेक्षा सरासरी ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. हाडांचा विचार मात्र त्यात नव्हता.

तो १९९५ साली यूटाच्या गटाने केला. २६ बाळांच्या अभ्यासात चार आठवड्यांचा व्यायाम मिळालेल्या बाळांच्या हाताच्या हाडात अधिक खनिज भरलं आणि वजनही जास्त वाढलं. त्याच गटाने २००० साली ३२ बाळांवर केलेल्या अभ्यासातही असंच दिसलं. इस्रायलमध्ये इता लिटमानोविट्झ यांच्या गटाने २००३ साली वेगळी मोजणी वापरली. नडगीच्या हाडातून ध्वनिलहर किती वेगाने जाते हे त्यांनी पाहिलं, कारण हाड कमकुवत झालं की वेग घटतो. २४ बाळांपैकी व्यायाम न मिळालेल्यांचा वेग चार आठवड्यांत खाली आला, व्यायाम मिळालेल्यांचा जवळपास टिकला. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो, कारण व्यायामाने हाडं बळकट होतात यापेक्षा त्यांची घसरण आवरते, हे म्हणणं अधिक नेमकं आहे.

हे सगळे अभ्यास लहान आहेत. कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली असे ११ अभ्यास, एकूण ३२४ बाळं, एकत्र करून तपासले. रुग्णालयात असेपर्यंत हाडांतल्या खनिजावर थोडा चांगला परिणाम दिसला. चार अभ्यासांचा आकडा जोडल्यावर वजन किलोमागे रोज सुमारे सव्वादोन ग्रॅम जास्त वाढलेलं दिसलं. सव्वादोन ग्रॅम हसण्यावारी नेऊ नयेत, कारण या बाळांकडून किलोमागे रोज पंधरा ते वीस ग्रॅम वाढीचीच अपेक्षा असते. लांबीतही किंचित फरक होता, डोक्याच्या घेरात नव्हता. पण ज्या एकाच अभ्यासाने बाळांना पुढे वर्षापर्यंत पाहिलं, त्यात दोन्ही गटांची हाडं सारखीच होती. व्यायामाने हाडं मोडण्याचं प्रमाण कमी होतं, असंही या आकड्यांवरून म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक कमी दिवसांच्या बाळाला हा व्यायाम सरसकट द्यावा, असं आढाव्याच्या लेखकांनी म्हटलं नाही. हाडांचा धोका जास्त असलेल्या बाळांवर, आहाराचा नीट हिशेब ठेवून, मोठे अभ्यास व्हावेत, असं त्यांनी सुचवलं.

वर्षभरात फरक पुसला जातो, मग खटाटोप कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. माझ्या मते तो पुसला जातो ही चांगली बातमी आहे. पोषण नीट झालं तर मागे राहिलेली हाडंही सावरतात, असा त्याचा अर्थ. पण मधले दोन-तीन महिने बाळाला त्याच कच्च्या हाडांनिशी काढायचे असतात आणि नेमके तेव्हाच त्याला सर्वांत जास्त हाताळलं जातं. शिवाय दीड किलोखाली जन्मलेल्यांची हाडं तरुणपणी कशी असतात, हे हेलसिंकीच्या संशोधकांनी अठरा ते सत्तावीस वर्षांच्या माणसांत पाहिलं, तेव्हा त्यांची घनता पूर्ण दिवसांनी जन्मलेल्यांपेक्षा कमी भरली. म्हणजे बाळपणीचं राहून गेलेलं सगळं आपोआप भरून निघतंच असं नाही. मात्र पेटीतल्या व्यायामाने हा तरुणपणीचा फरक कमी होतो, असा दावा आज कुणी करत असेल तर त्याच्याकडे पुरावा मागावा.

आईचे हात

या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास २००८ सालचा आहे, तोही यूटाच्याच गटाचा. त्यांनी बाळांचे तीन गट केले. एकाला प्रशिक्षित थेरपिस्टने व्यायाम दिला, दुसऱ्याला शिकवलेल्या आईने, तिसऱ्याला फक्त स्पर्श मिळाला. पहिल्या दोन्ही गटांत हाडांची भर तिसऱ्यापेक्षा जास्त होती. आईच्या हातून दिलेला व्यायाम कमी पडला नाही.

आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांमध्ये याचं महत्त्व फार आहे. तिथे फिजिओथेरपिस्ट प्रत्येक बाळामागे दहा मिनिटं कुठून देणार? एका सिस्टरकडे कितीतरी बाळं असतात. आणि बाहेर व्हरांड्यात आई बसलेली असते, दर तीन तासांनी दूध काढून देते आणि उरलेला वेळ काचेतून बघत राहते. ‘मी काय करू?’ हा तिचा प्रश्न खरा असतो. तिला आत घेऊन, हात धुवायला लावून, चार दिवस शेजारी उभं राहून सहा सांधे शिकवता येतात. बाळाला उरापोटाशी कातडीला कातडी लावून धरण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियात बोगोटा इथे एदगार रे यांनी पेट्यांच्या टंचाईतून सुरू केली. ती आज जगभर पहिल्या पसंतीची आहे, आणि तीही आईलाच उपचाराच्या मध्यभागी आणणारी. बाळ असं उराशी असताना त्याचे पाय दुमडलेले राहतात आणि आईच्या पोटाला टेकतात. व्यायामाआधी किंवा नंतर तास-दोन तास असं धरायला मिळालं तर बाळ शांतही राहतं.

वडिलांनाही हे शिकवावं. अनेक वडील बाळाला हात लावायलाच घाबरतात, आणि ठरलेल्या क्रमाचं, मोजून करायचं काम हाती आलं की त्यांची भीती ओसरते.

मालिश आणि न्हाऊ घालणारी बाई

महाराष्ट्रात बाळ घरी आलं की न्हाऊ घालणारी बाई ठरलेली असते. पायांवर बाळ घेऊन तेलाने अंग रगडायचं, हातपाय ओढायचे, उजवा हात आणि डावा पाय तिरपे एकमेकांना भेटवायचे, टाळू भरायची, वेखंड-ओव्याची धुरी द्यायची. सुदृढ बाळ यातलं बरंचसं सोसतं. कमी दिवसांच्या बाळासाठी रगडणं, ओढणं, पाय धरून उलटं करणं हे धोक्याचं आहे. ज्या हाडात खनिज कमी आहे ते पिळाने आणि ओढीने मोडतं. ‘चोळून चोळून हाडं घट्ट करते बघा,’ असं मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं. पण हाडाला हवा असतो तो त्याच्या लांबीच्या दिशेने अलगद दाब, आणि स्नायूने स्वतः लावलेला जोर.

तेल मात्र वाईट नाही. मुंबईत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने हलकं मालिश केलेल्या बाळांचं वजन खनिज तेल लावलेल्यांपेक्षा चांगलं वाढलं. तेव्हा बाळ दोन-सव्वादोन किलोचं होऊन डॉक्टरांनी परवानगी दिली की खोबरेल तेल हलक्या हाताने, खोली उबदार ठेवून, आईने किंवा आजीने लावायला हरकत नाही. नाका-कानात तेल घालू नये आणि धुरी तर मुळीच नको, या बाळांची फुप्फुसं आधीच नाजूक असतात.

बाईला कामावरून कमी करा असं मी म्हणत नाही. बाळंतिणीला तिच्या हातांची गरज असते. बाळ घरी येण्याआधी तिला घरी बोलावून ‘मावशी, हे बाळ सातव्या महिन्यातलं आहे, डॉक्टरांनी त्याचे हातपाय ओढायचे नाहीत असं सांगितलंय, तुम्ही आधी आईचं करा,’ असं आजीने सांगितलं तर ती ऐकते. डॉक्टरांपेक्षा आजीचा शब्द तिथे जास्त चालतो.

घरी जाताना आणि नंतर

रुग्णालयातून निघताना कागदांवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. शेवटचा फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज किती होता आणि पुढची तपासणी कधी. दुधातली पावडर किंवा फॉस्फेटचं औषध घरी चालू ठेवायचं का, किती आणि कुठवर. ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब किती. आणि व्यायाम घरी करायचा का, असेल तर कोणते सांधे आणि किती आठवडे. थेंबांच्या बाबतीत बाटलीवरचं प्रमाण नीट वाचावं. बाजारात कमी-जास्त तीव्रतेचे थेंब मिळतात, आणि बाटली बदलली की मात्रा चुकण्याचा धोका असतो.

आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली आणि मग ती देशभर गेली. त्या बाळाचं वजन करतात, श्वास आणि ताप बघतात. बाळ कमी दिवसांचं असेल तर एखादा हात किंवा पाय ते कमी हलवतंय का, हेही त्यांना आवर्जून बघायला सांगावं.

बाळाचं वय मोजताना ते किती आठवडे आधी आलं तेवढे वजा करावे. बारा आठवडे आधी जन्मलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं, तर हाडांच्या आणि हालचालींच्या दृष्टीने ते साधारण सव्वादोन महिन्यांचं आहे. मूळ तारखेच्या सुमारास, म्हणजे चाळीस आठवडे भरतात तेव्हा, बहुतेक बाळं स्वतःच पुरेसे हातपाय मारू लागतात आणि आपण द्यायच्या व्यायामाची गरज सहसा उरत नाही. तिथून पुढे बाळाला मोकळीक लागते. दिवसभर दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधून ठेवू नये. लंगोट सैल असावा, मांड्यांना हलायला जागा असावी. जागं असताना आणि कुणी जवळ बसलेलं असताना बाळाला थोडा थोडा वेळ पालथं ठेवावं, जमिनीवर जाड सतरंजी घालून मोकळं सोडावं. झोपवताना मात्र नेहमी उताणंच. डॉक्टरांकडे जाल तेव्हा वजनाबरोबर लांबीही मोजून लिहायला सांगा. वजन चरबीनेही वाढतं, हाडं वाढताहेत की नाही ते लांबीच्या रेषेवरून जास्त कळतं.